एका मातीतली दिवसपाळी-रातपाळी

दिवाळीच्या आवराआवरीत मी एकदा गच्चीतली एक कुंडी ओतून टाकली. तिच्यातली पानं पिवळी पडून कडेवर लोळत होती, माती आकसून कुंडीपासून सुटली होती आणि भाऊबीजेला घरी माणसं यायची होती. हे रोप गेलं, असं मनाशी ठरवून मी ती माती इमारतीच्या मागच्या कुंपणाशी, कोरांटीच्या जाळीत टाकली. जूनमध्ये पहिला मोठा पाऊस पडून तीन-चार दिवस झाले होते. सकाळी स्वयंपाकघराच्या खिडकीतून खाली पाहिलं, तर कोरांटीच्या बुडाशी गुलाबी फुलांचा पुंजका उभा होता. पावसाळी लिली. मी मेली म्हणून फेकलेली तीच.

मी धावतच खाली गेले. शेजारचे काका तिथे आधीच उभे होते. काकांची सगळी हयात भिवंडीत यंत्रमागावर गेली. घर पद्मानगरातलं, मातृभाषा तेलुगू, मराठी अस्सल भिवंडीची. मी घडलेली गोष्ट सांगितली तेव्हा ते म्हणाले, "ताई, रातपाळीचा माणूस दिवसा झोपतो. त्याला मेला म्हणून कोणी खोलीबाहेर काढतं का?"

भिवंडीत राहणाऱ्याला हे वाक्य फोड करून सांगावं लागत नाही. इथले माग बारा-बारा तासांच्या दोन पाळ्यांत चालत आले. बाहेरगावाहून आलेले कामगार दहा बाय दहाच्या खोल्यांत दाटीवाटीनं राहतात. दिवसपाळीचा माणूस उठून कामाला जातो, तेव्हा रातपाळीचा येऊन त्याच वळकटीवर अंग टाकतो. जागा एकच, माणसं दोन आणि दोघांचं नीट जमतं, कारण एकाची जागण्याची वेळ ती दुसऱ्याची झोपण्याची वेळ असते.

त्या दिवसापासून मी बागेकडे या नजरेनं पाहू लागले. कंदवर्गीय फुलझाडं ही एका पाळीत काम करणारी. चार-पाच महिने ती जीव तोडून वाढतात, फुलतात, पानांतून अन्न कमावून कंदात भरतात आणि उरलेले सात-आठ महिने मातीखाली पडून राहतात. या झोपेच्या काळात त्यांची कुंडी रिकामी दिसते. रिकाम्या दिसणाऱ्या कुंडीला माणूस स्वस्थ बसू देत नाही. तो तीत दुसरं काही खुपसतो, पाणी घालून आतला कंद कुजवतो, नाहीतर माझ्यासारखा ओतून मोकळा होतो. म्हणून कंदाला त्याच मातीत एक सोबती हवा. वर्षभर टिकणारं, दुसऱ्या पाळीत काम करणारं बारमाही झाड हवं. ते कंदाची जागा धरून ठेवतं, माती तापू देत नाही, सुकणारी पानं पोटाशी घेतं आणि 'इथे कोणी झोपलंय' ही खूण वर राखतं.

गेली काही वर्षं मी या जोड्या जमवते आहे. काही जमल्या, बऱ्याच फसल्या. त्या खटपटीतून हाती आलेलं इथे मांडते.

आपला वसंत मृगाला येतो

कंद आणि वसंत हे शब्द एकत्र आले की डोळ्यांसमोर ट्युलिपचे ताटवे येतात. मीही एका वर्षी ट्युलिपचे कंद मागवले होते. पाकिटावर फार देखणं चित्र होतं. कंदांना कोंब फुटले, दोन पानं आली आणि फेब्रुवारीच्या उन्हात ती भाजून गेली. दोष विकणाऱ्याचा कमी आणि माझ्या अज्ञानाचा जास्त होता. ट्युलिपचं मूळ घर मध्य आशियातले डोंगर. आतली कळी नीट वाढायला त्याच्या कंदाला साधारण बारा ते चौदा आठवडे सलग गारठा लागतो, नऊ-दहा अंशांच्या खालचा. भिवंडीच्या थंडीत स्वेटर निघतो खरा, पण असा गारठा इथे आठवडाभरही मिळायचा नाही. श्रीनगरला झबरवान डोंगराच्या पायथ्याशी २००७ साली खुली झालेली ट्युलिपबाग मार्चअखेरीस फुलते, कारण तिथल्या मातीनं हिवाळाभर बर्फ सोसलेला असतो.

युरोपातही ट्युलिप पाहुणाच होता. कार्लस क्लुसियस हा वनस्पतिशास्त्रज्ञ १५९३ साली नेदरलँड्समधल्या लायडन विद्यापीठाच्या बागेत आला आणि त्यानं तिथे ट्युलिप लावले. पुढे १६३६-३७ च्या हिवाळ्यात त्याच देशात कंदांचे सौदे घरांच्या किमतीला होऊ लागले आणि फेब्रुवारी १६३७ मध्ये तो बाजार कोसळला. त्या झाडाला तिथली थंडी मानवली म्हणून ते रुजलं. आपल्या बागेसाठी यातून घ्यायचा धडा साधा आहे. कंद निवडताना आधी आपल्या गावचा ऋतू विचारावा.

क्रिस्टन राउनकिअर नावाच्या डॅनिश शास्त्रज्ञानं गेल्या शतकाच्या सुरुवातीला वनस्पतींची एक वेगळीच वर्गवारी केली. झाडाचं फूल कसं, पान कसं, हे त्यानं बाजूला ठेवलं. वाईट दिवसांत झाड आपला पुढचा कोंब कुठे लपवतं, एवढंच त्यानं पाहिलं. काही झाडं तो उंच फांदीवर उघडा ठेवतात, काही जमिनीलगत ठेवतात आणि काही थेट मातीत पुरून ठेवतात. कांदा, सुरणाचा गड्डा, हळकुंड, अळकुडी यांच्या बांधणीत फरक आहे, पण कोंब पुरून ठेवायची रीत सगळ्यांची एकच.

आता आपल्याकडचे वाईट दिवस कोणते? ठाणे जिल्ह्यात वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. उरलेले आठ महिने कोरडे. फाल्गुनापासून डोंगरांवर वणवे लागतात. एप्रिल-मे महिन्यात भाताच्या रोपासाठी शेतकरी राब भाजतात, तेव्हा बांधाकाठचं गवतही होरपळतं. जमिनीवर जे काही आहे ते या दिवसांत जळतं. मातीखाली वीतभर खोल जे आहे ते वाचतं. म्हणून कोकणच्या माळांवर आणि डोंगरउतारांवर कंदांची एवढी श्रीमंती आहे. रोहिणीचे शिंतोडे पडले की हे कंद कूस बदलतात आणि मृग लागला की डोकं वर काढतात. दिनदर्शिकेत चैत्रात वसंत येतो. कोकणातल्या कंदांचा वसंत बहुतेक करून जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात येतो.

शेवळं आणि काकडं

या वसंताची वर्दी भिवंडीच्या भाजीबाजारात मिळते. मे संपता संपता वज्रेश्वरी-अनगावकडच्या पाड्यांवरून आदिवासी बाया पहाटेच्या गाडीनं येतात आणि रस्त्याच्या कडेला फडकं अंथरून बसतात. फडक्यावर लांब, निमुळत्या, जांभळट-तपकिरी कोंबांच्या जुड्या असतात. ही शेवळं. आमच्याकडे आगरी घरांतून त्यांना शेवलां म्हणतात. सुरणाच्याच कुळातलं हे रान-भावंड. पान यायच्या आधी याचं फूल जमिनीतून वर येतं. गेल्या पावसाळ्यात साठवलेल्या शिदोरीवरच ते फुलतं.

जुड्यांच्या शेजारी हिरव्या, आवळ्याएवढ्या फळांचे वाटे मांडलेले असतात. ही काकडं. एकदा मी नुसतीच शेवळं पिशवीत टाकली, तर विकणाऱ्या मावशींनी माझा हात धरला. "काकडं घे बाय. काकडांबिगर शेवलां खाशील तं घसा धरंल." पैसे न घेता त्यांनी मूठभर काकडं पिशवीत घातली आणि मगच मला जाऊ दिलं.

शेवळात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे बारीक स्फटिक असतात. सुरण आणि अळू खाजतात तेही त्यांच्यामुळेच. साफ करायला बसताना हाताला तेल चोळायचं. बाहेरची आवरणं एकेक करून सोलायची. आतला दांडा दिसू लागला की त्याच्या खालच्या अंगाचा पिवळा, दाणेदार भाग नखभरही न ठेवता काढून टाकायचा, कारण सगळ्यात जास्त खाज त्यातच असते. उरलेला दांडा बारीक चिरायचा. काकडं ठेचून, बिया काढून, त्यांचा आंबट-तुरट रस भाजीत घालायचा. मग ती भाजी घशाला लागत नाही. सीकेपी घरांतली कोलंबी घातलेली शेवळाची कणी असो की आगरी घरातली सुकटीबरोबरची भाजी, काकडं दोन्हींत लागतातच.

ही जोडी स्वयंपाकघरात जमली असं मला वर्षानुवर्षं वाटत होतं. मग एका जूनमध्ये ओळखीच्या एका कुटुंबाबरोबर मी तुंगारेश्वरच्या डोंगररांगेच्या कडेनं रानात गेले आणि जोडी मुळात रानातली आहे हे कळलं. काकड हा पानगळीचा वृक्ष. उन्हाळ्यात तो निष्पर्ण असतो, त्यामुळे खालच्या जमिनीवर ऊन आणि वळवाचा पाऊस दोन्ही थेट पोचतात. शेवळाचा कोंब त्या उघड्या जमिनीतून वर येतो, तेव्हाच वर काकडाची फळं धरलेली असतात. पाऊस लागून शेवळाचं छत्रीसारखं पान पसरेपर्यंत काकडाला पालवी फुटून सावली झालेली असते आणि शेवळाच्या पानाला अशी विरळ सावलीच मानवते. पावसाळा सरला की शेवळ मातीत जातं आणि काकड पानं गाळून त्याच्यावर पाचोळ्याचं पांघरूण घालतो. एक बारमाही वृक्ष, एक चार महिन्यांचा कंद आणि दोघांच्या पाळ्या एकमेकांत अशा बसलेल्या. बागेत जोड्या कशा लावाव्यात, हे मला त्या उतारावर जितकं उमगलं तितकं कुठल्याही पुस्तकात उमगलं नव्हतं.

त्याच वाटेवर आणखी कितीतरी कंद भेटले. पोपटी पानांतून गुलाबी तुरा काढणारी रानहळद. गवतासारखी दिसणारी, बुडाशी पांढरी असलेली फोडशी, जिची कोवळी पानं कुलू म्हणून बाजारात येतात. ही पांढऱ्या मुसळीच्या कुळातली. पांढऱ्या मुसळीचं शास्त्रीय नाव क्लोरोफायटम बोरिविलियानम असं आहे आणि त्यातलं बोरिविली म्हणजे आपलंच बोरिवली. फादर सांतापाव आणि फर्नांडिस या अभ्यासकांनी तिला हे नाव दिलं. औषधासाठी बेसुमार खणली गेल्यानं हीच मुसळी आज रानात विरळ झाली आहे.

जमलेल्या जोड्या

रानातलं सूत्र कुंडीत आणायचं तर आधी तीन गोष्टी विचारायच्या. कंद कधी जागतो? झोपेत असताना सोबत्याला पाणी किती लागेल? आणि दोघांची मुळं एकाच थरात भांडतील का? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर मोठ्या कुंडीत सापडतं. दुसऱ्याचं उत्तर चुकलं तर मात्र कंद हमखास कुजतो. माझे निम्मे कंद मी पाणी घालूनच मारले.

सगळ्यात सुंदर जमली ती भुईचाफा आणि मोगऱ्याची जोडी. भुईचाफा हा आल्या-हळदीच्या कुळातला. चैत्र-वैशाखात, एकही पान नसताना, त्याचं फूल थेट मातीतून उमलतं. पांढऱ्या पाकळ्या, जांभळी जीभ, मंद सुवास. कोरड्या मातीवर कुणीतरी ताजं फूल वाहून गेलं असावं, असं वाटतं. पावसात त्याची रुंद, वर नक्षी आणि खाली जांभळी झाक असलेली पानं येतात आणि कार्तिकात ती सुकतात. मोगऱ्याचीही रीत अशीच आहे. जाणते लोक डिसेंबरात मोगऱ्याचं पाणी तोडतात, जानेवारीत छाटणी करतात आणि मग खत देऊन पाणी सुरू करतात. म्हणजे भुईचाफा गाढ झोपलेला असताना मोगऱ्यालाही पाणी नको असतं. मोगऱ्याला पाणी वाढवायची वेळ येते, तेव्हा भुईचाफ्याचाही जागं व्हायचा सुमार असतो. मोगरा भर उन्हाकडे ठेवावा आणि भुईचाफा त्याच्या सावलीच्या अंगाला लावावा. वैशाखात संध्याकाळी एकाच वाफ्यातून दोन सुगंध येतात.

दुसरी जोडी कळलावी आणि कोरांटीची. कळलावीच्या पानाचं टोक कुरळं होऊन आधार पकडतं, म्हणून तिला चढायला कुणीतरी हवंच. कोरांटीची काटक जाळी त्यासाठी उत्तम. श्रावण-भाद्रपदात कळलावीच्या ज्वाळेसारख्या, पिवळ्यातून तांबड्या होणाऱ्या पाकळ्या कोरांटीच्या हिरव्या जाळीवर फुलतात. नवरात्रानंतर वेल वाळतो. थंडी पडली की त्याच जाळीला कोरांटीची फुलं येतात. दोन पाळ्या इतक्या नेमक्या क्वचितच जुळतात. कळलावीचा कंद नांगराच्या फाळासारखा दुभंगलेला असतो, म्हणून संस्कृतात तिला लांगली म्हणतात. नवा कोंब त्या कंदाच्या टोकालाच फुटतो. टोक मोडलं की कंद वाया गेला, म्हणून तो हलक्या हातानं, आडवा ठेवून लावावा. आणि एक गोष्ट विसरू नये. कळलावी सर्वांगानं विषारी आहे. तिच्यातलं कोल्चिसीन औषधात वापरलं जातं, पण पोटात गेलेला कंद जीव घेतो. घरात लहान मूल किंवा गुरंढोरं असतील तर ती लावूच नये.

मेफ्लॉवर किंवा फुटबॉल लिली नावानं मिळणारा कंद मूळचा आफ्रिकेतला. मे महिन्यात त्याचा लाल चेंडू उमलतो आणि आठ-दहा दिवस घर उजळतं. त्याला सोबत अबोलीची. अबोलीला अर्धी सावली चालते, पाणी बेतानं लागतं आणि ती वर्षातले बरेच महिने फुलत असते. मेफ्लॉवरची मोठी पानं ऑक्टोबरात पिवळी होऊन झुकतात, ती अबोलीच्या दाट पानांत झाकली जातात. हा कंद लावताना त्याची मान मातीच्या पातळीला ठेवायची, खोल गाडायचा नाही.

माझी मूळ गुन्हेगार कुंडी, पावसाळी लिलीची, तिला मी ऑफिस टाइमच्या फुलांची जोड दिली. ऑफिस टाइम, म्हणजे चिनी गुलाब, पक्कं बारमाही झाड नाही, पण एकदा लावलं की बियांनी आणि तुटलेल्या फांद्यांनी परत परत येतं. उथळ मुळांचं, कमी पाण्याचं, कोरड्या उन्हात रोज सकाळी दहाच्या सुमारास उमलणारं. पावसाच्या माऱ्यात ते सडू लागतं, तेवढ्यात लिली उठते. लिलीचं नवल असं की नळाचं पाणी कितीही घाला, पहिल्या खऱ्या पावसानंतर ती जशी एकदम, घोळक्यानं फुलते तशी एरवी फुलत नाही.

मोरीचं पाणी जिथे जिरतं तिथे सोनटक्का आणि अळू. दोघांनाही ओल प्रिय. पावसाळ्यातल्या संध्याकाळी सोनटक्क्याचं पांढरं फूल उमलतं. थंडीत त्याचे दांडे बुडातून काढले की अळूला मोकळा प्रकाश मिळतो. कढीपत्त्याच्या मोठ्या कुंडीत हळदीची दोन हळकुंडं मेमध्ये खोचून ठेवावीत. श्रावणात नागपंचमीला पातोळ्यांपुरती पानं घरचीच होतात आणि पानं वाळल्यावर, पौष-माघात, मूठभर ओली हळदही निघते. कोकणातल्या वाड्यांना यात नवीन काही नाही. नारळी-पोफळीच्या सावलीत आलं, हळद, सुरण, अळू लावायची पद्धत तिथे पिढ्यान्‌पिढ्या आहे. गच्चीत आपण तीच वाडी लहान करून लावतो.

फसलेल्या जोड्याही सांगायला हव्यात. निशिगंधाशेजारी मी नेचे लावले होते. नेच्यांना सावली आणि सततची ओल हवी, निशिगंधाला ऊन आणि निचरा. दोघेही रडले. ग्लॅडिओलससोबत पुदिना लावला, तर पुदिन्यानं सगळी कुंडी बळकावली. जो सोबती जागा राखायच्या ऐवजी जागा गिळतो, तो कंदाच्या कामाचा नाही.

पिवळ्या पानांचा महिना

कंद पोसतात ते पानं. फूल सरल्यावर पान जितके दिवस हिरवं राहील तितके दिवस ते उन्हातून अन्न बनवतं आणि खाली कंदात पाठवतं. पुढच्या वर्षीच्या फुलाची तयारी या दिवसांत चाललेली असते. पान पिवळं पडू लागतं म्हणजे ते आपल्यातलं उरलंसुरलं सत्त्व परत कंदाकडे धाडत असतं. या वेळी पान कापलं की पुढच्या पावसात कोंब येतो, पण फूल येत नाही. आणि मग आपण म्हणतो, कंद जुना झाला.

विलायतेतल्या बागवानांनाही हीच अडचण होती. डॅफोडिलची फुलं गेली की पानं दीड-दोन महिने लोळत पडतात आणि ती दिसायला वाईट. काही जण ती कापत, काही त्यांच्या गाठी बांधत. गर्ट्रूड जेकिल या इंग्लिश बागकर्तीनं १९०८ साली प्रसिद्ध झालेल्या बागेतल्या रंगांवरच्या पुस्तकात यावर तोड सांगितली आहे. लवकर फुलणारे कंद तिनं नेच्यांमध्ये लावले. कंद फुलतात तेव्हा नेचे मिटलेले असतात आणि कंदांची पानं सुकू लागतात तेव्हा नेच्यांची पाती उलगडून त्यांना झाकतात. तिचे नेचे आपल्या गच्चीत या कामाला चालणार नाहीत. तिची युक्ती मात्र जशीच्या तशी घेता येते. लोळणारी पानं ओढून काढायची नाहीत, त्यांच्यासमोर कुणीतरी भरदार उभं करायचं.

आपल्याकडे ही अडचण आणखी बिकट आहे, कारण पानं पिवळी पडायची वेळ आणि दिवाळीच्या साफसफाईची वेळ एकच. अश्विनात पाऊस परततो, उन्हाचा चटका वाढतो, कुंड्यांतली पानं माना टाकतात आणि नेमकं त्याच आठवड्यात आपल्याला घर लख्ख दिसायला हवं असतं. आवरायच्या उत्साहात किती कंद उपाशी झोपी जातात, याची गणती नाही.

मी आता एवढंच करते. पानं पिवळी पडायला लागली की पाणी हळूहळू कमी करते. पान हलकेच ओढल्यावर आपोआप हातात आलं तरच काढते. कुंडीत एक बांबूची काडी खोचून तिच्यावर कंदाचं नाव लिहिते. माती उकरत नाही. सोबत्याला पाणी द्यायचं ते कुंडीच्या एका कडेनं, कंदाच्या डोक्यावर नाही. मे महिन्यात वरची दोन बोटं माती काढून तिथे शेणखत आणि वाळू मिसळून घालते. भिवंडीच्या चिकट काळ्या मातीत निचरा हा जिवाचा प्रश्न आहे, म्हणून कुंडीच्या तळाशी विटांचे तुकडे आणि मातीत तिसरा हिस्सा वाळू हवीच. जुलैच्या झडीत पाणी साचून राहिलं तर सोबतीही वाचत नाही आणि कंदही नाही.

बांधावरचे कंद

गेल्या वीस-पंचवीस वर्षांत भिवंडी तालुक्याचं रूप पालटलं. माणकोली, पूर्णा, काल्हेर, दापोडे या पट्ट्यात भातशेतीच्या जागी गोदामांच्या रांगा उभ्या राहिल्या. देशभरात घरपोच जाणाऱ्या वस्तू आज आमच्या तालुक्यात उतरतात आणि इथूनच पुढे जातात. त्यातून हजारो हातांना काम मिळालं, हे मी नाकारत नाही. पण गोदामाचा पाया भरायला मुरूम लागतो, तो टेकड्या फोडून येतो आणि त्या टेकड्यांच्या उतारावर शेवळं, रानहळद, फोडशी, कळलावी होती. बांध मोडला की बांधावर झोपलेले कंदही सिमेंटखाली जातात. रानातलं झाड तोडलं तर ते दिसतं, त्यावर बोललं जातं. झोपलेला कंद गाडला गेला तर कुणाला कळतही नाही. मेमध्ये पाहणी करणाऱ्याला ती जमीन ओसाडच दिसते.

बाजारात बसणाऱ्या मावशी एकदा मला म्हणाल्या की पूर्वी घराजवळच्या माळावर शेवळं मिळत, आता दोन डोंगर चढून जावं लागतं. त्यांच्या सासूबाईंनी घालून दिलेला नियम त्या अजून पाळतात. एका जागची सगळी शेवळं खुडायची नाहीत. काही फुलं बियांसाठी ठेवायची आणि गड्ड्याला हात लावायचा नाही. जोवर ही माहिती पोटासाठी रानात जाणाऱ्यांच्या हाती आहे, तोवर शेवळं टिकतील. ९ ऑगस्टच्या जागतिक आदिवासी दिनाच्या सुमारास कृषी खात्याचे रानभाज्यांचे महोत्सव भरतात. तिथे भाजी चाखणाऱ्यांनी ती विकणाऱ्या बाईला आणखी एक प्रश्न विचारावा, "हे रानात राखता कसं?" उत्तर ऐकण्यासारखं असतं.

बागेची हौस असणाऱ्यांकडून माझी मागणी लहान आहे. रानातले कंद खणून आणू नका. अभयारण्यातून तर ते गुन्हाच आहे. रोपवाटिकेतून घ्या, किंवा त्याहून चांगलं म्हणजे शेजाऱ्याकडून मागून घ्या. भुईचाफा, लिली, सोनटक्का, मेफ्लॉवर यांना दरवर्षी पिल्लं होतात आणि दिल्यानं ती कमी होत नाहीत. माझ्या गच्चीतली पावसाळी लिली आता आमच्या इमारतीतल्या बहुतेक घरांत पोचली आहे. काकांच्या दारात ती ऑफिस टाइमसोबत आहे. काही कंद मी मुद्दाम मागच्या कुंपणाशी, त्या कोरांटीच्या जाळीतच राहू दिले आहेत.

दिवाळीच्या दिवसांत तुमच्याही घरात आवराआवर चालू असेल. गच्चीत किंवा खिडकीत एखादी कुंडी मलूल, पिवळी, मेल्यासारखी दिसत असेल. ती ओतू नका. पाणी तोडा, काडी खोचून नाव लिहा, शेजारी अबोलीचं एखादं रोप लावा आणि मृगापर्यंत थांबा.